पेट

दोन हिवाळ्यांपूर्वी रोकरच्या धक्क्यावरचा दिवा
मला एकच दिसायचा.
उन्हाळ्यापर्यंत दीड झाला,
मग दोन, दुसऱ्याला शेपूट.
संकष्टीला आईने फोनवर विचारलं, उगवला का रे तिकडे?
म्हटलं, दोन उगवलेत, नैवेद्य कुठल्याला दाखवू?
ती हसली. मी नाही हसलो.

डॉक्टर ओगुनलेये यांनी पडद्यावर नकाशा आणला.
बुबुळावरची काच: कडेने निळी, मग हिरवी,
मध्याच्या जरा खाली लालभडक टेकडी.
घुमट हवा तिथे शंकू.
"पातळ होत चाललीय, म्हणून पुढे येतेय.
डोळे चोळतोस?"
लहानपणापासून. झोप आली की, धूळ गेली की,
गणिताच्या पेपरआधी, उगाचच.
आई हातावर चापट मारायची.
तिला नकाशा न बघताच ठाऊक होतं.

तिला सांगणं अवघड गेलं.
"म्हणजे मग पुन्हा नीट दिसणार?"
नाही.
"मग कशाला करायचं?"
अजून बिघडू नये म्हणून.
बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"बाजेचा सुंभ सैल झाला की तुझे बाबा
नवी बाज नव्हते आणत.
पायथ्याची दोरी ओढून गाठ मारायचे.
झोळ राहायचाच थोडा."
हो आई. तेच.
फक्त गाठ उजेडाची.

संडरलंड, मंगळवार, सकाळचे नऊ.
नाव, जन्मतारीख, कुठला डोळा.
परत तेच, दुसऱ्या तोंडाने.
डाव्या भुवईवर शाईचा बाण,
आई तीट लावायची तिथून दोन बोटं खाली.
बधिर करणारे थेंब. पापण्यांना चिमटा.
वरचा नाजूक पापुद्रा खरवडला तेव्हा
दुखलं नाही, नुसतं दिसलं:
खिडकीवरचं दव कुणी बोटाने सारावं तसं.

मग पिवळे थेंब. जीवनसत्त्व ब-दोन.
तोंड आलं की गावचा कंपाउंडर गोळ्या द्यायचा
आणि लघवी हळदीसारखी व्हायची, तेच हे.
चक्क्याच्या फडक्यातून गळणारं पाणी
हिरवट पिवळं दिसतं, ते याच्यामुळेच.
थेंब. दोन मिनिटं. थेंब.
वर कुणीतरी पाडव्याचं श्रीखंड टांगलंय
आणि खाली मी, पातेलं.

मग दिवा डोळ्यावर आला, निळा की जांभळा, सांगता येईना.
नर्स डॉरीन घड्याळ धरून बसली होती.
"खाली नको बघूस. दिव्याकडे बघ, पेट."

इकडे लाडाने कुणालाही पेट म्हणतात.
बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, हीसुद्धा.
पण डोळा मिटता येत नसताना, उताणं पडून,
माझ्या कानाने तो शब्द मराठीतच घेतला.
पेट.
ओल्या सरपणावर फुंकणी धरून म्हणतात तसा.
पेट रे बाबा, पेट एकदाचा.
आत कुठे धागा धाग्याला धरत होता म्हणे,
मला काही कळत नव्हतं.
जांभळं तळं, आणि काठावरून डॉरीन:
अजून बारा. अजून दहा.
छान करतोयस, पेट.

रात्री बधिरपणा उतरला आणि खरंच पेटला.
कांदा, वाळू, मिरचीचा हात, तिन्ही एकदम.
खालच्या मजल्यावरच्या मारेकने न विचारता
खिडकीला काळी पिशवी चिकटवली, दाराशी सूप ठेवलं.
झोपेत हात डोळ्याकडे जायचे.
उशीखाली दाबून ठेवले.
चापट मारायला कुणी नव्हतं.

सहा महिन्यांनी नवा नकाशा.
टेकडी तिथेच, तेवढीच.
डॉक्टर खूष. मीही असावं बहुतेक.
चष्मा तोच. अक्षरांमागची सावली तीच.

संध्याकाळी धक्क्यापर्यंत चालत गेलो.
वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं,
हात खिशातच ठेवले.
दिवा लागला. मोजला.
दोन.
थांबलो, परत मोजला,
कान गारठेपर्यंत मोजत राहिलो.
दोनच.